मांजराची मूत्रवाहिनी आणि शस्त्रक्रियेने काढलेली आडवाट : एक इतिहास (धागा)

१/
वसई खाडीच्या उत्तरेस, नायगाव स्थानकाच्या पश्चिमेला उमेळे हे गाव आहे. भातशेती, वाड्या आणि खाडीची मासळी यांवर ज्या वसईचे जीवन शतकानुशतके चालले, तेथे मांजर हा घराचाच घटक होता. साठवलेले भात उंदरांपासून राखणे हे त्याचे काम आणि मासळीतला वाटा हा त्याचा पगार. असे मांजर एके दिवशी अन्न सोडून कोपऱ्यात जाऊन बसले, ओकले आणि आठवड्याभरात गेले, तर ‘त्याचे दिवस भरले’ एवढेच म्हटले जाई.

२/
अशा काही मृत्यूंमागे मोहरीहूनही लहान असा एखादा खडा असू शकतो, हे समजायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. त्या खड्याने अडलेली वाट मोकळी करता येत नसेल, तर शरीराच्या आत दुसरी वाट काढता येईल का? या प्रश्नाच्या उत्तरात सुश्रुत आहे, जर्मनीतील हायडेलबर्ग आहे, मुंबईचे परळ आहे आणि न्यूयॉर्कही आहे. हा धागा त्या प्रवासाचा.

३/
प्रथम शरीररचना. मूत्रपिंडे दोन. प्रत्येकातून एक बारीक नळी निघून खाली मूत्राशयापर्यंत येते. तिला मूत्रवाहिनी म्हणतात. मूत्राशयातून मूत्र बाहेर नेणारा मूत्रमार्ग हा निराळा. बोक्यांचा मूत्रमार्ग तुंबणे ही नेहमी दिसणारी व्याधी. त्यात प्राणी वारंवार कुंथतो, त्यामुळे ती लगेच ध्यानात येते. मूत्रवाहिनी अडली तर असे काहीच दिसत नाही, कारण दुसरे मूत्रपिंड काम करीतच असते. मांजराच्या मूत्रवाहिनीचा आतील व्यास अवघा ०.४ मिलिमीटर इतका असतो. या आकड्याशीच पुढील सारा इतिहास झुंजतो.

४/
मूतखडा ही माणसाची फार जुनी ओळखीची व्याधी. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ या नावाने तिचे निदान आणि चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत सांगितली आहे. अश्मरीचे चार प्रकार तेथे मानले आहेत. औषधांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा मार्ग दिला आहे : रुग्णाला नीट धरून ठेवायचे, बोटांनी खडा खाली आणायचा, शिवणीच्या डाव्या बाजूला छेद घ्यायचा आणि खडा न फोडता अखंड बाहेर काढायचा. उरलेला कण पुन्हा वाढतो, हे निरीक्षणही तेथे नोंदले आहे.

५/
त्याच ठिकाणी सुश्रुताने एक विलक्षण प्रामाणिक गोष्ट सांगितली आहे. काहीच केले नाही तर मृत्यू निश्चित आणि शस्त्रक्रिया केली तर यश संशयास्पद, म्हणून वैद्याने आधी राजाची अनुमती घ्यावी. मात्र ही शस्त्रक्रिया मूत्राशयातील खड्यापुरतीच होती. त्याच्या वर, पोटाच्या पाठच्या भिंतीलगत असलेली मूत्रवाहिनी प्राचीन शल्यवैद्याच्या हाताच्या टप्प्यात नव्हती. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती.

६/
वसईच्या संदर्भात येथे एक गमतीची नोंद करता येते. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती. त्याच पोर्तुगीज जगातील वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात बेझोआर या वस्तूवर लिहिले आहे. बेझोआर म्हणजे बकऱ्यांसारख्या प्राण्यांच्या जठरात तयार होणारा खडा. विषावरचा उतारा म्हणून त्याला मोठी किंमत येई. प्राण्याच्या पोटातील खडा माणसाला वाचवतो, असा समज दृढ होता. खडा त्या प्राण्याचाच जीव घेतो का, हा प्रश्न विचारण्याचे कुणाला प्रयोजन नव्हते.

७/
प्राण्याच्या जिवाचा प्रश्न मुंबईत सार्वजनिक झाला तो १८३२ साली. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी राहिली. निराधार जनावरांना तेथे आसरा आणि चारा मिळे. तो करुणेचा व्यवहार होता. वैद्यकशास्त्र अजून त्यात आलेले नव्हते.

८/
शास्त्र आले ते घोड्यांमागून. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. लष्कराचे घोडे, मालाच्या गाड्या ओढणारे बैल, दुभती जनावरे यांच्यावर शहराचा कारभार चाले. त्याच १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. पुढच्या दशकात परळ येथे पेटिट कुटुंबाच्या देणगीतून बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. आणि १८८६ मध्ये त्याच्याच आश्रयाने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

९/
महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. घोडे, खेचरे आणि उंट यांना होणाऱ्या ‘सुरा’ या रोगाच्या जंतूवर त्यांनी काम केले होते. ग्रिफिथ इव्हान्स यांना पंजाबात १८८० मध्ये सापडलेल्या त्या जंतूला इव्हान्स यांचे नाव स्टील यांनीच दिले. म्हणजे हे शास्त्र कोणासाठी होते, ते उघड आहे. ज्या प्राण्याच्या मृत्यूने पैशाचे नुकसान होते, तो आधी तपासला जाई. मांजर या हिशेबात कुठेच नव्हते. पशुवैद्यकाच्या दारात मांजर सर्वांत शेवटी पोहोचले, आणि हे केवळ मुंबईत नव्हे, सर्व जगात घडले.

१०/
याच सुमारास माणसाच्या मूत्रवाहिनीची कथा हायडेलबर्गमध्ये वळण घेत होती. एका स्त्रीची मूत्रवाहिनी आधीच्या शस्त्रक्रियेत दुखावली गेली होती आणि मूत्र सतत पाझरत होते. गुस्टाव झिमोन या शल्यविशारदाने ती दुरुस्त करण्याचे प्रयत्न केले, ते फसले. तेव्हा त्याने त्या बाजूचे मूत्रपिंडच काढण्याचे ठरवले. एका मूत्रपिंडावर माणूस जगेल का, हे कोणालाही ठाऊक नव्हते. झिमोनने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८६९ मध्ये ती शस्त्रक्रिया यशस्वी केली. रुग्ण स्त्री जगली. नळी दुरुस्त होत नाही म्हणून अख्खा अवयव काढायचा, हा त्या काळातील सर्वोत्तम पर्याय होता.

११/
पुढचा टप्पा खुद्द मांजरांचा. फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कारेल याने रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र विकसित केले आणि अमेरिकेत १९०८ च्या सुमारास मांजरांमध्ये मूत्रपिंडांचे प्रत्यारोपण करून दाखवले. १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या अवयवरोपणाचा पाया ज्या प्राण्यांच्या शरीरांवर घातला गेला, त्यांत मांजर होते. त्या ज्ञानाचा लाभ मांजराकडे परत यायला मात्र जवळपास ऐंशी वर्षे लागली.

१२/
दरम्यान माणसासाठी साधने वाढत गेली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पोटातील खडा न कापता दिसू लागला. १९५५ मध्ये विलर्ड गुडविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाठीतून सुई घालून तुंबलेल्या मूत्रपिंडात थेट नळी बसवण्याची पद्धत मांडली. १९६७ मध्ये झिमस्किंडने सिलिकॉनची नळी मूत्रवाहिनीत ठेवण्याचे तंत्र वर्णिले. १९७८ मध्ये फिनीने दोन्ही टोकांना आकड्यासारखा बाक असलेली नळी आणली. एक टोक मूत्रपिंडात अडकते, दुसरे मूत्राशयात, त्यामुळे ती सरकत नाही. आज मूतखड्याच्या रुग्णांना ठाऊक असलेला ‘डीजे स्टेंट’ तो हाच.

१३/
मांजरांच्या बाबतीत मात्र रोगाचेच रूप बदलत होते. १९८१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात तपासलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी सुमारे ७८ टक्के स्ट्रुव्हाइटचे होते, तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचे केवळ २ टक्के. स्ट्रुव्हाइट विरघळावे म्हणून तयार खाद्यात मॅग्नेशियम कमी करण्यात आले आणि मूत्र आम्लधर्मी होईल अशी घटकरचना झाली. स्ट्रुव्हाइट घटले. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅल्शियम ऑक्झॅलेटचा वाटा सुमारे ५५ टक्क्यांवर गेला होता. या बदलामागे आहाराचा हात असल्याचा दाट संशय अभ्यासकांनी व्यक्त केला आहे.

१४/
हा फरक केवळ रसायनाचा नाही. स्ट्रुव्हाइटचा खडा आहाराने विरघळवता येतो, कॅल्शियम ऑक्झॅलेटचा येत नाही. आणि मांजराच्या मूत्रवाहिनीत अडकणारे जवळजवळ सर्व खडे याच दुसऱ्या प्रकारचे असतात. १९८० ते १९९९ या काळात मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांतील खड्यांचे प्रमाण सुमारे दहा पटींनी वाढल्याचे आढळले. एक मूत्रपिंड कधीतरी गुपचूप तुंबून आक्रसते, दुसरे भार उचलून मोठे होते, आणि एक दिवस तेही तुंबते. मालकाला आजार दिसतो तो या दुसऱ्या घटनेनंतर.

१५/
पहिले मोठे उत्तर १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे आले. क्लेअर ग्रेगरी यांच्या चमूने आजारी मांजरांवर मूत्रपिंड प्रत्यारोपण सुरू केले. सायक्लोस्पोरिन या औषधामुळे परके मूत्रपिंड शरीर नाकारीत नसे. येथे नैतिक पेच होता, कारण दाता मांजराची संमती कोण देणार? अमेरिकी केंद्रांनी नियम केला की दाता मांजराला रुग्ण मांजराच्या कुटुंबाने आयुष्यभरासाठी घरी न्यावे. कारेलच्या प्रयोगशाळेतील मांजरांच्या वाट्याला हे आले नव्हते.

१६/
मूत्रपिंड शाबूत असेल, तर प्रत्यारोपण टाळून वाट मोकळी करणे श्रेयस्कर. त्याचे दोन जुने पर्याय. पहिला, मूत्रवाहिनीला छेद देऊन खडा काढणे आणि छेद शिवणे. दुसरा, खडा खालच्या भागात असल्यास तेवढा भाग कापून उरलेली नळी मूत्राशयाला नव्या जागी जोडणे. दोन्हींसाठी शस्त्रक्रियेचे सूक्ष्मदर्शक आणि केसासारखा धागा लागतो. ०.४ मिलिमीटरच्या नळीवर टाका घातला की जखमेची सूज हीच नवी अडचण ठरते. टाका सैल राहिला तर मूत्र पोटात झिरपते. आणि मूत्रपिंडात आणखी खडे असतील तर तेच दुखणे पुन्हा.

१७/
२००५ मध्ये काइल्स आणि सहकाऱ्यांनी अशा १६३ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांत गुंतागुंत झाली आणि सुमारे १८ टक्के मांजरे दगावली. केवळ औषधे आणि शिरेतून द्रव दिलेल्यांची स्थितीही चांगली नव्हती, कारण त्यांतील सुमारे एक तृतीयांश महिन्याभरात गेली. मात्र शस्त्रक्रियेतून तरलेल्यांपैकी बहुसंख्य मांजरे वर्षानंतरही जिवंत होती. सुश्रुताने मांडलेला पेच येथे आकड्यांत लिहिलेला दिसतो : न करण्यात धोका, करण्यातही धोका.

१८/
तिसरा पर्याय स्टेंटचा. माणसाच्या डीजे स्टेंटची अतिलघु आवृत्ती मांजराच्या मूत्रवाहिनीत सरकवायची. तिचा व्यास सुमारे ०.८ मिलिमीटर, म्हणजे नळीच्या आतील व्यासाच्या दुप्पट. नळी हळूहळू ताणली जाते आणि मूत्र स्टेंटच्या आतून व भोवतालून वाहते. खडा काढण्याची गरज राहत नाही. परंतु तो बसवणे फार कठीण. शिवाय त्याचे खालचे टोक मूत्राशयाला टोचत राहते. अनेक मांजरांना वारंवार थेंब थेंब मूत्र होण्याचा त्रास झाला आणि काही स्टेंट पुन्हा तुंबले. कुत्र्यांमध्ये स्टेंट बरा चालतो. मांजराची नळी त्याला पुरी पडत नाही.

१९/
मग ती नळीच सोडून दिली तर? ही कल्पना आधी माणसांवर वापरली गेली. कर्करोगाने मूत्रवाहिनी दाबली गेलेल्या रुग्णांना पाठीतून पिशवीत जाणारी नळी आयुष्यभर वागवावी लागे. १९९० च्या दशकात युरोपातील शल्यचिकित्सकांनी मूत्रपिंडातून निघून त्वचेखालून थेट मूत्राशयात जाणारी कृत्रिम नळी वापरून त्या रुग्णांची पिशवीतून सुटका केली. पुलाची दुरुस्ती होत नाही, तेव्हा रस्ताच वळवून नेतात, तसाच हा प्रकार.

२०/
न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधील अ‍ॅलिसन बेरेंट आणि चिक वाइस यांनी हीच कल्पना मांजरासाठी घडवली. उपकरणाचे नाव ‘सब’, अर्थात त्वचेखालील मूत्रवाहिनी बायपास. त्याचे तीन भाग. एक बाकदार नळी मूत्रपिंडाच्या द्रोणीत, दुसरी नळी मूत्राशयाच्या शिखरात, आणि दोघींना जोडणारी एक छोटी धातूची पेटी पोटाच्या त्वचेखाली. मूत्र या मार्गाने खाली येते. अडलेली मूत्रवाहिनी तशीच राहते. क्ष-किरणांच्या चलत्चित्रात पाहत नळीची जागा निश्चित केली जाते.

२१/
त्वचेखालील पेटी हे या रचनेतील शहाणपण. साधारण दर तीन महिन्यांनी विशेष सुईने त्वचेतून पेटीत द्राव सोडून नळ्या धुता येतात, मूत्राचा नमुना घेता येतो आणि वाट खुली आहे का ते सोनोग्राफीत पाहता येते. पुढे क्षारांचे थर जमू नयेत म्हणून कॅल्शियम बांधून ठेवणारा द्राव वापरात आला. म्हणजे ही एकदा करून विसरण्याची शस्त्रक्रिया नाही. मालकाने आयुष्यभर निगा राखण्याचा करार त्यात गृहीत असतो.

२२/
२०१८ मध्ये बेरेंट आणि सहकाऱ्यांनी १३४ मांजरांच्या १७४ मूत्रवाहिन्यांचा लेखाजोखा मांडला. सुमारे ९४ टक्के मांजरे जिवंत घरी गेली. जवळपास चौथ्या हिश्शाच्या उपकरणांत कालांतराने क्षार साचले. जंतुसंसर्ग, नळीला बाक येणे, रक्ताची गुठळी अडकणे हे धोकेही नोंदले गेले. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या समितीने मांजरांतील अशा अडथळ्यासाठी स्टेंट अथवा बायपास यांचा विचार करण्याची शिफारस केली होती. तरीही अनुभवी सूक्ष्मशल्यविशारद उपलब्ध असेल, तर एकट्या खड्यासाठी छेद देऊन तो काढणे हा मार्ग आजही जिवंत आहे.

२३/
या साऱ्यात निर्णायक ठरतो तो वेळ. कुत्र्यांवरील जुन्या प्रयोगांत मूत्रवाहिनी सात दिवस पूर्ण बंद राहिल्यास त्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सुमारे ३५ टक्क्यांनी आणि चौदा दिवसांत सुमारे ५४ टक्क्यांनी कायमची घटल्याचे दिसले. तेही आधी निरोगी असलेल्या मूत्रपिंडांत. वृद्ध मांजराच्या आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला एवढीही सवलत नसते. ‘बघू, दोन-चार दिवसांत खाईल’ या वाक्याची किंमत या आकड्यांवरून काढता येते.

२४/
आता पुन्हा उमेळ्याकडे. वसईवरून ग्रँट रोडपर्यंत जाणारा लोहमार्ग १८६४ मध्ये खुला झाला. त्याच मार्गावर प्रभादेवी स्थानकाजवळ परळचे जुने रुग्णालय आणि महाविद्यालय आहे. ते महाविद्यालय आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. त्याच मार्गावरील महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. घोड्याच्या नाडीपासून सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यक दीडशे वर्षांनी खास कुत्र्या-मांजरांसाठी इमारत उभारते, ही या इतिहासातील साधी घटना नव्हे.

२५/
पण रस्ता असणे आणि वेळेत पोहोचणे यांत अंतर आहे. बायपाससाठी लागणारे उपकरण परदेशी बनावटीचे. त्याला चलत् क्ष-किरण यंत्र, सोनोग्राफी आणि ते हाताळण्याचा सराव असलेले हात लागतात, आणि त्यानंतर वर्षानुवर्षांचा खर्च. प्रत्येक कुटुंबाला तो झेपणार नाही, आणि ज्याला झेपत नाही त्याचे प्रेम उणे ठरत नाही. वेदनाशमन, द्रव आणि औषधांनी काही मांजरांचे खडे आपसूक खालीही सरकतात. अशांचे प्रमाण थोडे असते, एवढेच.

२६/
सुश्रुताच्या काळी निर्णय राजाकडे होता. १८३२ च्या मुंबईत तो न्यायाधीशाच्या आदेशात होता. पेटिटांच्या काळात प्राण्याच्या उपयोगावर आणि दात्याच्या औदार्यावर होता. आज तो ओसरीवर बसलेल्या घरच्या माणसाकडे आला आहे. त्याच्या हाती असलेले पहिले साधन मात्र अगदी साधे आहे : मांजराने एक दिवसाहून अधिक काळ अन्न सोडले, ते लपू लागले किंवा ओकू लागले, तर रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. पुढची कोणतीही वाट, जुनी असो वा नव्याने काढलेली, तेथूनच सुरू होते. (समाप्त)